उजव्या हाताचा पंजा

मित्रांनो, तुम्हाला हात जोडून नमस्कार करावा म्हटलं तर माझी पंचाईत होते. जोडायला दुसरा हात लागतो, आणि मी एकटाच, तोही आतून पोकळ. मी एक जुना बेसबॉलचा ग्लोव्ह आहे. चामडं तेल पिऊन काळपट झालंय, करंगळीपाशी उंदराने कुरतडलंय. पाटोद्याहून जीपने अर्ध्या तासावरच्या एका वाडीत, पत्र्याच्या घरात, दारामागच्या खुंटीवर मी असतो. इथे कुणी मला ग्लोव्ह म्हणत नाही, सगळे ‘पंजा’ म्हणतात. माझ्या मनगटाच्या पट्टीवर एक डाग आहे, तापल्या लोखंडाने दिलेला. मला जे सांगायचंय ते त्या डागापासूनच सुरू होतं.

जन्माचं थोडक्यात उरकतो. लांब उत्तरेतल्या एका कारखान्यात मला कापलं, शिवलं, बोटांमधून वाद्या ओवल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड चिकटवून टाकलं. तिथून मी बीडला आलो, स्टँडजवळच्या एका खेळाच्या दुकानात. दोन वर्षं फळीवर पडून होतो. शेजारी क्रिकेटच्या बॅटा. काय त्यांचा तोरा! रोज कुणी ना कुणी यायचं, त्यांना हातात घेऊन हवेत फिरवायचं. माझ्याकडे बोट दाखवून लोक विचारायचे, “हे काय, विकेटकीपरचं हाय का?” दुकानदार म्हणायचा, “न्हाई, बेसबॉलचं.” मग लोक “बरं” म्हणून पुढे सरकायचे. अपमान गिळायची सवय मला तिथेच लागली.

एका दुपारी पंडित दुकानात आला. धोतर-टोपीतला, उंच, खांदे वाकलेला माणूस. दसरा चार दिवसांवर होता, आणि दसऱ्यानंतर त्याची ऊसतोडीची टोळी घाटाखाली निघायची होती. त्याच्या पोराचं, अभिमन्यूचं, आठवीतलं नाव शाळेच्या बेसबॉल संघात लागलं होतं. पोरगं जन्माचं डावरं. ज्वारीवर पाखरं बसली की डाव्या हाताने असा खडा मारायचं की नेम म्हणजे नेम. शाळेतल्या आप्पाराव सरांनी ते पाहिलं होतं आणि पंडितला बोलावून सांगितलं होतं, “डावरा पिचर म्हणजे सोनं असतं, पंडितराव. समोरच्याला कळतच नाही चेंडू कुठून आला. याला एक ग्लोव्ह घेऊन द्या.”

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, एवढं मी तुम्हाला सांगतो. बाकी खेळ हळूहळू कळेल.

पंडित अडाणी नव्हता, विचारी होता. पाटोद्याहून बीडला येईपर्यंत एसटीत त्याने हिशोब मांडला होता. पोरगं डाव्या हाताने फेकणार, म्हणजे डावा हात मोकळा पाहिजे. म्हणजे पंजा उजव्या हातात. दुकानदाराने विचारलं, “कोणत्या हाताचा देऊ?” पंडित छाती काढून म्हणाला, “उजव्या हाताचा.”

दुकानदाराने मला काढून दिलं. आणि मित्रांनो, त्यात त्याची काही चूक नव्हती. आमच्या धंद्यात ‘उजव्या हाताचा’ म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याचा. तो घालायचा असतो डाव्या हातात! हे मला ठाऊक होतं, दुकानदाराला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असायला हवं होतं त्याला कुणी सांगितलं नाही. पिशवी फोडून घालून बघावं, असंही त्याच्या मनात आलं असेल. पण फोडलेली वस्तू घ्यावीच लागते, आणि भल्या माणसाने दुसऱ्याचा माल फोडू नये, असं त्याचं. मी पिशवीत तळमळत होतो. पण मला वाद्या आहेत, जीभ नाही.

घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता आणि अंगणात विस्तव पेटलेला होता. टोळी निघायच्या आधी नव्या कोयत्यांच्या मुठींवर डाग देत होते. उसाच्या फडात सगळ्यांचे कोयते सारखे दिसतात, म्हणून प्रत्येक घर आपली खूण तापल्या सळईने मुठीवर उठवतं. खूण नसलेला कोयता कुणाचाही. पंडितची खूण होती एक उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर टिंब. त्याने मला पिशवीतून काढलं, दोन्ही हातांनी वर धरून बायकोला दाखवलं. जानकीबाई म्हणाली, “लई भारी दिसतंय. पण वसतिगृहात लेकरं चोरत्याल बरं का.” आईबाप तोडीला गेले की अभिमन्यू गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायचा.

“चोरत्याल कशी? आत्ता डाग देतो की,” पंडित म्हणाला, आणि लालभडक सळई माझ्या मनगटावर टेकवली. रेघ. टिंब. चरचर वाजलं. पोरगं तेव्हा दळण आणायला गेलतं.

ते आलं. पिठाचा डबा खाली ठेवला, मला बघितलं, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी अजून विसरलो नाही. त्याने मला उजव्या हातात घालायला घेतलं. अंगठा बसेना. उलटं केलं, सुलटं केलं. मग बापाकडे पाठ करून सावकाश डाव्या हातात घातलं. बसलो. अगदी मापात बसलो. त्याचं हसू गेलं. त्याने डागाकडे पाहिलं, मला हातातून काढलं आणि बापाकडे वळला. बाप गुडघ्यावर हात ठेवून वाट बघत होता.

“बरोबर हाय ना रं?”

अभिमन्यू तेरा वर्षांचा होता, मित्रांनो. तेरा वर्षांचं लेकरू किती पटकन मोठं होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. तो म्हणाला, “एकदम बरोबर हाय, अण्णा.”

दुसऱ्या दिवशी शाळेत आप्पाराव सरांच्या एका नजरेत सगळं आलं. “अरे, हा उलटा आलाय! बदलून आणू.”

“न्हाई सर. डाग दिलाय अण्णांनी.”

सरांनी डाग पाहिला. डागलेली वस्तू कोण परत घेणार? “मग मी सांगतो पंडितरावांना. दुसरा बघू.”

“सर, तुमाला शपथ हाय. दसरा झाला की निघत्यात ते. सहा महिने त्येंच्या डोक्यात तेच राहील.” आणि पोराने मला डाव्या हातात घातलं, उजव्या हातात चेंडू घेतला आणि म्हणाला, “म्या उजव्यानं शिकतो.”

सरांनी पुढे होऊन माझी पट्टी आवळली. मग म्हणाले, “बरं. बघू.” चांगला माणूस ‘बघू’ म्हणाला की गोष्ट तिथेच पडते. ती तिथेच पडली.

अशी माझी नोकरी सुरू झाली. काय काम होतं माझं? झेलायचं, असं तुम्ही म्हणाल. ते तर होतंच. पण खरं काम वेगळं होतं. देवाने ज्या हातात नेम दिला होता तो हात मी झाकून बसलो होतो. पहिलं वर्षभर तो डावा हात माझ्या आत नुसता शिवशिवायचा. चेंडू यायचा तेव्हा झेलायचा गुमान, पण बोटं मिटायची ती फेकायच्या पकडीतच. मला सगळं कळत होतं. करू काय? मी निघून पडावं म्हटलं तर सरांनी पट्टी घट्ट आवळलेली.

उजवा हात मात्र जिद्दीचा निघाला. चुकला, वाकडा गेला, भिंतीवर आपटला, पण शिकला. दहावीला जिल्ह्यात नाव झालं, बारावीला राज्यात. बापाला वाटलं, सरांनीच पोराची डाव्याची खोड मोडली, आणि पंजा काय, कुठल्याही हातात बसतो. बरंच झालं म्हणाला. पाटोद्याच्या बाजारात तो ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाला थांबवून सांगायचा, “पंजा म्या आणलाय बरं का, बीडहून. हात इचारून आणलाय!” अभिमन्यू शेजारी उभा राहून मान हलवायचा. मी त्याच्या काखेत. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मग पुण्यात पगारी लीग निघाली. सहा संघ, हिवाळ्यातले तीन महिने सामने. अभिमन्यूला ‘देवगिरी’ नावाच्या संघाने घेतलं, तेही स्टार्टर म्हणून. सामन्याची सुरुवात करणारा, पहिला चेंडू टाकणारा पिचर तो स्टार्टर. ही बातमी त्याने घरी फोनवर सांगितली. जानकीबाई घाबरलीच.

“स्टार्टर? म्हंजे विहिरीवरल्या मोटरीचा असतो तसा?”

“तसंच समज, माय. म्या दाबल्याबिगर खेळ चालू होत न्हाई.”

“मग जपून रं बाबा. सारखा चालू-बंद केला की मोटार जळती.”

तो हसला. मीही हसलो असतो. पण बाई एका वाक्यात सगळा डॉक्टरी सल्ला देऊन मोकळी झाली होती. कारण स्टार्टरचा नियमच तो आहे. एका सामन्यात ऐंशी-नव्वद चेंडू जीव खाऊन टाकायचे, आणि मग चार दिवस खांद्याला काही म्हणजे काही करायला लावायचं नाही.

पहिली दोन वर्षं सोन्याची गेली. मला रोज तेल मिळायचं. छोट्या पोरी-पोरांनी माझ्यासोबत फोटो काढले. आमचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्यामागे बसून चेंडू धरणारा, होता हनुमान. केजचा. अंगाने दांडगा, जिभेने त्याहून दांडगा. तो अभिमन्यूला म्हणायचा, “तुझा बॉल लागला बे हाताला की मला माझा मेलेला आजा दिसतो.” मोठ्या मैदानावर हजार माणसं टाळ्या वाजवायची आणि मला खरंच वाटायला लागलं होतं की चूक पचली. उजवा तर उजवा. काय बिघडलं?

तुम्हाला एक आतली गोष्ट सांगतो. चेंडू टाकण्याआधी पिचर दोन्ही हात माझ्यात लपवतो, बॅटवाल्याला बोटांची पकड दिसू नये म्हणून. तेवढ्या एका श्वासापुरता उजवा हात माझ्या पोटात येतो. त्यामुळे त्या हाताची तब्येत डॉक्टरच्या आधी मला कळायची.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात पंडित पडला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना पाय घसरला, कमरेत मार बसला. हाड मोडलं नव्हतं, पण वाकता येईना. आता ऐका. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने तोडायचं, एकाने मोळी बांधायची. पंडित आडवा झाला म्हणजे नुसता माणूस कमी झाला नाही, कोयताच मोडला. जानकीबाई धडधाकट असून हिशेबात अर्धी झाली. टोळी नेणाऱ्या मुकादमाचं नाव परमेश्वर. तो वाईट नव्हता, पण म्हणाला, “वयनी, अर्ध्या कोयत्याला म्या फडात कसं उभं करू?” आणि पंडितने दसऱ्याला त्याला हंगामभराचा शब्द दिला होता. तो पडल्या पडल्या म्हणायचा, “शब्द मोडला तर म्या कोण?”

अभिमन्यू सामना संपवून त्याच संध्याकाळी गाडीत बसला. संघाच्या मास्तरांना, रामेश्वर सरांना, एवढंच सांगितलं, “घरी जाऊन येतो. विश्रांतीचेच दिवस हायेत.” टोळी ज्याच्यासाठी तोडत होती तो साखर कारखाना पुण्याहून चार तासांवर होता. सकाळी मला पिशवीसकट कोपीच्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीच्या, बांबूला अडकवलं आणि तो बापाचा कोयता घेऊन फडात उतरला. उजव्या हातात. फडात डाव्याने तोडता येत नाही. ओळीत माणूस माणसाला लागून असतो, एकाचा कोयता उलटा चालला तर शेजाऱ्याच्या मांडीत जायचा. म्हणून डावरेसुद्धा तिथे उजवेच होतात.

चार दिवस तोड. पाचव्या दिवशी मैदानात पिचिंग. पुन्हा चार दिवस तोड. असं पाच आठवडे चाललं, मित्रांनो. बाप कोपीत पडून छताकडे बघायचा. “अभ्या, राहू दे रं. तुझा खांदा...” म्हणायचा, आणि वाक्य पुरं करायचा नाही, कारण पुरं केलं तर पुढे काय सांगणार? आई मोळी बांधता बांधता पोराच्या खांद्याकडे बघायची आणि मान फिरवायची. “यंदाचा एवढाच हंगाम, माय,” तो म्हणायचा. “पुढल्या साली तुमी दोघं घरी.”

पिशवीच्या फटीतून मला त्याचा उजवा हात वर जाताना, खाली येताना दिसायचा. जो हात विसावा घ्यायला आला होता, तो. आणि डावा हात उसाचे बुंधे धरून वाकलेला. ताजा, भला, बिनकामाचा. देवा शपथ, मला त्या दिवसांत चामडं असल्याची लाज वाटली.

हनुमानाला पहिल्यांदा कळलं. सराव करताना त्याने अभिमन्यूचा तळहात धरला. पाचटाने, उसाच्या वाळक्या पानांनी, कापल्याच्या बारीक रेघा, मुठीचे घट्टे.

“हे काय बे? फडात गेलतास?”

“गप.”

“गप काय? सरांना सांगतो म्या.”

“हनम्या, तुला माझ्या मायची आण हाय. जोडी मोडंल.”

हनुमानाचेही आईबाप तोडीला जाणारे. जोडी मोडणं म्हणजे काय ते त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो शिव्या देत उठला आणि गप बसला. बघा, पुन्हा एक चांगला माणूस गप बसला.

अंतिम सामना होता. मैदान भरलेलं. पाच डाव अभिमन्यूने समोरच्यांना एकही धाव काढू दिली नाही. सहाव्या डावात उजवा हात माझ्यात आला तेव्हा बोटं थंडगार होती.  चेंडूची शिवण त्यांना सापडत नव्हती. हात बाहेर गेला, चेंडू गेला, पुन्हा आत आला. आणखी थंड. मी काय केलं असेल? मी वाद्या आवळायचा प्रयत्न केला. चेंडू धरूनच ठेवू, सोडूच नये. अरे, नको टाकूस! थांब की! पण चामड्याने किती धरायचं? त्याने चेंडू ओढून काढला आणि फेकला. मी काही करू शकलो नाही.

खांद्यातून आवाज आला. वाळकं लाकूड मोडतं तसा. बाहेर कुणाला ऐकू गेला नसेल, मला गेला.

बॅटवाल्याने चेंडू जमिनीला घासत परत त्याच्याकडेच मारला. अभिमन्यू गुडघ्यावर आला होता. त्याने मला पुढे करून चेंडू अडवला. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा लोंबत होता. पलीकडे बॅटवाला पहिल्या खुणेकडे धावत सुटलेला, चेंडूच्या आधी तिथे पोचला तर तो वाचणार. मग अभिमन्यूने जे केलं त्याचा विचार त्याने केला असेल असं मला वाटत नाही. त्याने मला झटकून जमिनीवर टाकलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा भर खेळात मला काढलं. चेंडू डाव्या हातात घेतला आणि गुडघ्यावरूनच फेकला.

मी मातीत उताणा पडून बघत होतो. चेंडू सरळ, एका रेघेत, बॅटवाल्याच्या आधी खुणेवरच्या आमच्या गड्याच्या पंजात गेला. बॅटवाला बाद. सगळं मैदान उठून उभं राहिलं. रामेश्वर सर धावत आले, खांदा बघितला, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. “तू डावरा आहेस?”

अभिमन्यूने मला उचललं, काखेत धरलं आणि चालत बाहेर गेला.

तिकडे फडावर मुकादमाच्या मोबाइलवर सगळी टोळी सामना बघत होती. पंडित म्हणाला होता म्हणे, “पोरानं डाव्यानं कावून टाकला?” कुणीतरी म्हणालं, “उजवा दुखावला असंल.” विषय तिथेच संपला.

खांद्याच्या आतली शीर तुटली होती. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करू, डोक्यावरून सदरा घालता येईल, पण चेंडू फेकायचं विसर. पगारी खेळ तीन हंगामांत संपला. संघाने हार घालून फोटो काढला, पुढच्या वर्षी नव्या मुलाचा काढला. घरी आल्यावर आईने विचारलं, “दुखतंय का रं?” तो म्हणाला, “जळाली माय, मोटार.” तिने त्याला जवळ घेतलं आणि मोठ्याने रडली. तो रडला नाही.

मी खुंटीवर गेलो. एक पावसाळा बुरशी धरली. उंदराने करंगळी चाखली. जानकीबाईला एकदा चुलीवरचा तवा उतरवायला फडकं सापडेना, तिने मला घेतलं, आणि मग ती रीतच पडली. भाकरीची सेवा म्हणून मी ती गोड मानून घेतली. पण मनातलं जाईना. पंडित कमरेला पट्टा बांधून ओट्यावर बसायचा आणि आल्या-गेल्याला आताही तेच सांगायचा, “पंजा म्याच आणलता, हात इचारून.” फक्त आवाज खाली आला होता.

दोन वर्षांनी आप्पाराव सर निवृत्त झाले आणि शाळेने अभिमन्यूला तात्पुरता शिक्षक म्हणून खेळ शिकवायला घेतलं. मुलांसाठी ग्लोव्ह आणायला तो बीडला निघाला. माझी एक वादी तुटली होती म्हणून मला पिशवीत घेतलं. पंडित म्हणाला, “म्या पण येतो. दुकान म्या दाखवतो.” दुकान अभिमन्यूला माहीत नव्हतं थोडंच! पण तो बरं म्हणाला.

तेच दुकान, तोच दुकानदार, केस तेवढे पांढरे. “कोणत्या हाताचे देऊ, सर?”

“उजव्याचे अकरा. डाव्याचा एक,” अभिमन्यू म्हणाला.

पंडितचे कान टवकारले. “थांब थांब. डाव्याचा म्हंजे? डाव्या हातात घालायचा?”

“न्हाई काका,” दुकानदार हसला. “डाव्या हातानं फेकणाऱ्याचा. तो उजव्या हातात घालत्यात. लई लोक चुकत्यात बघा. बोलताना एक आन् घालताना दुसरं.”

पंडितने पिशवीतून मला बाहेर काढलं. अंगठा कुठे आहे ते पाहिलं. स्वतःच्या उजव्या हातावर ठेवलं, मग डाव्या. मग डागावरून बोट फिरवलं. दुकानदार पावती लिहीत होता, त्याला काही कळलं नाही. अभिमन्यू खाली बघत होता.

एसटीत बाप-लेक पाटोद्यापर्यंत शेजारी बसून होते. मी पंडितच्या मांडीवर होतो. त्याने मला दोन्ही हातांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरामागच्या रानात आला. ज्वारी काढलेली, रान मोकळं. अभिमन्यू नवे ग्लोव्ह तेल लावून उन्हात मांडत होता.

“कावून सांगितलं न्हाईस?” पंडित म्हणाला.

“डाग दिलता तुमी, अण्णा.”

“डागाला जाळ घालायचा व्हता! मला सांगायचं! म्या शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, दुसरा आणला असता...” त्याचा आवाज फाटला. “बारा वर्षं म्या गावभर मिरवतोय रं. बारा वर्षं तू शेजारी उभा राहून ऐकतोयस.”

“तुमी लई खुश व्हता त्या दिशी,” अभिमन्यू म्हणाला. “मला ते मोडायचं नव्हतं.”

  पंडितने मला आपल्या डाव्या हातात घातलं. म्हाताऱ्याचा हात, खरखरीत, मला अनोळखी. मोजून वीस पावलं मागे गेला, पट्टा बांधलेली कंबर धरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकला आणि मला पुढे केलं.

“टाक.”

“अण्णा, तुमाला लागंल.”

“टाक म्हणतो ना. डाव्यानं.”

अभिमन्यूने पाटीतला एक जुना चेंडू उचलला. डाव्या हातात. त्या हाताला मी आतून ओळखत होतो. त्याचा घाम, त्याची शिवशिव, त्याची मिटलेली पकड, सगळं. पण समोरून तो माझ्याकडे कधी आला नव्हता. तो आला, मित्रांनो. सूं करून आला आणि माझ्या बरोब्बर मध्यात बसला. पंडित दोन पावलं मागे गेला, पण मला सोडलं नाही, चेंडूही सोडला नाही. तळहात भाजला असणार त्याचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“लई जोरात हाय रं,” तो म्हणाला. “पयल्यापासून असाच व्हता?”

अभिमन्यू पंचविशीत आहे. आता कुठली लीग, कुठला संघ? गेलं ते गेलं, ते मी आणू शकत नाही. पण रोज सकाळी बाप-लेक त्या रानात वीस चेंडू खेळतात, आणि मी एक-एक झेलतो. शाळेत तो नवा ग्लोव्ह देताना मुलाला आधी विचारतो, घालून बघायला लावतो, आणि मगच त्यावर नाव लिहू देतो.

मला तेल द्या, उन्हात टाकू नका, उंदरांपासून जपा, असं मी सांगायला हवं. माझ्या जातीचे सगळे तेच सांगतात. पण ते राहू द्या. मोठ्यांनो, प्रेमाने आणलेल्या वस्तूवर डाग देण्याआधी ज्याच्यासाठी आणली त्याच्या हातात एकदा घालून बघा. आणि लेकरांनो, घालून बसत नसेल तर तेव्हाच सांगा. आणणाऱ्याचं तोंड घडीभर उतरेल, उतरू द्या. मी बारा वर्षं गप्प राहिलो, कारण मला जीभ नव्हती. तुम्हाला आहे.